घाणेरी पुनः फुटूं नये म्हणून

बांधावरची घाणेरी, जिला कोणी टणटणी म्हणतात, आपण कोयत्यानें छाटून घरीं येतों. आणि पहिला पाऊस पडतांच एका फांदीच्या जागीं चार फांद्या उभ्या राहतात. जाळल्यानेंही ती मरत नाहीं. श्रम वायां जातात, कारण घाव चुकीच्या ठिकाणीं बसतो.

हें झुडूप मूळचें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें. १८०९ सालीं तें केवळ शोभेसाठीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आणिलें गेलें. केवढी महाग शोभा ही!

खोड व मूळ जेथें मिळतात तेथें मातीलगत एक गांठ असते. नवे कोंब त्या गांठीपासून उठतात. म्हणून जमीन ओली असतां भोंवतालची माती उकरावी, आणि गांठीच्या खालीं दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुदळीनें तोडावें. मग सबंध झुडूप उचलून, मुळें वर व शेंडे खालीं करून, वाळूं द्यावें. कारण गांठ मातीस लागून राहिली तर ती पुनः रुजते. पुष्कळजण नेमकें हेंच विसरतात. दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं ही रीत जंगलांत वापरून दाखविली आहे.

हें काम फळें पिकून काळीं होण्यापूर्वीं करावें. पक्षी तीं फळें खाऊन बीं झाडांखालीं टाकतात. सबब पुढील दोन-तीन पावसाळे मोठ्या झाडांखालीं फिरून रोपें उपटावीं.

पाला मात्र गुरांपुढें टाकूं नये. त्यांतील विषानें यकृत बिघडतें व उन्हांत कातडी सोलून निघते. वाळलेल्या काटक्या चुलीस चालतात.