'ड्रॅग ऑन' आणि 'ड्रॅग आउट'

इंग्रजी शिकताना आपल्याला सर्वांत जास्त चकवतात ती जोडक्रियापदे. मूळ क्रियापद ओळखीचे, पुढचे अव्ययही ओळखीचे. पण दोन्ही एकत्र आली की अर्थ अनोळखी होतो. 'ड्रॅग' म्हणजे ओढणे, फरफटवणे. त्याला 'ऑन' किंवा 'आउट' जोडले की वस्तूऐवजी वेळ ओढला जातो. शब्दकोशात दोहोंपुढे जवळजवळ सारखेच अर्थ दिसत असल्याने विद्यार्थी ती एकमेकांच्या जागी वापरतात.

वास्तविक हा भेद मराठी माणसाला सहज कळावा. घोंगडे 'भिजत पडले' आणि घोंगडे 'भिजत ठेवले' यांत जो फरक, तोच येथे आहे. 'ड्रॅग ऑन' अकर्मक आहे : 'द मीटिंग ड्रॅग्ड ऑन', म्हणजे सभा कंटाळा येईतो लांबली. 'ड्रॅग आउट' मुख्यतः सकर्मक आहे : 'दे ड्रॅग्ड आउट द मीटिंग', म्हणजे त्यांनी सभा विनाकारण लांबवली. येथे कर्म नाम असेल, तर ते 'आउट'च्या आधी किंवा नंतर चालते. सर्वनाम मात्र मध्येच हवे. 'ड्रॅग इट आउट' बरोबर, 'ड्रॅग आउट इट' चूक.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. चार्ल्स डिकन्स यांच्या 'ब्लीक हाउस' (१८५२-५३) या कादंबरीत वारशाचा एक दावा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि अखेर सारी मालमत्ता कोर्टखर्चातच संपते. त्याविषयी 'द केस ड्रॅग्ड ऑन' म्हटले, तर दोष कुणाचाच दिसत नाही. जणू दावा आपोआप लांबला. 'द लॉयर्स ड्रॅग्ड इट आउट' म्हणताच लांबवणारा समोर उभा राहतो.

याच कुळातील आणखी दोन रूपे ध्यानात ठेवावीत. 'ड्रॉ आउट' म्हणजे लांबवणे, पण त्यात नाराजीचा सूर असेलच असे नाही. 'स्पिन आउट' म्हणजे ताणून पुरवणे; महिनाअखेरीस उरलेले पैसे आपण पुरवून पुरवून वापरतो, तसे.

तेव्हा भाषांतर करताना आधी एवढेच पाहावे : काम लांबले, की कुणी लांबवले? उत्तर मिळाले की 'ऑन' की 'आउट' हा प्रश्न उरत नाही. आणि एखाद्या अहवालात सर्वत्र 'ऑन'च आढळले, तर कर्ता कोठे गेला, हेही विचारावे.