बेघरांचा प्रश्न : ग्रामसभेचे नेतृत्व आणि प्रादेशिक नियोजन
(जुन्या बोथ तालुक्याच्या अनुभवावरून एक अभ्यासपाठ)

तेलंगण राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे गाव महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही. सागवानाचे डोंगर, त्यांतून वाहणारी कडेम नदी, काळ्या जमिनीतील कापूस व ज्वारी आणि गोंड, कोलाम, बंजारा व मराठी-तेलुगू भाषक शेतकरी यांच्या वस्त्या असा हा मुलूख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात आले. बोथचा उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला. एका तालुक्याचे दोन राज्यांत विभाजन झाले, परंतु डोंगर, पाऊस, सोयरसंबंध आणि गरिबी यांचे विभाजन झाले नाही. म्हणूनच बेघरांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यास हा प्रदेश उपयुक्त आहे.

बेघर कोणास म्हणावे?

जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुटुंब कोणत्याही घरात न राहता रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर किंवा उघड्यावर राहते ते बेघर होय. २०११ च्या जनगणनेत देशात असे सुमारे १७ लाख ७३ हजार लोक आढळले. त्यांपैकी सुमारे ८ लाख ३४ हजार ग्रामीण भागातील होते. बेघरपणा हा केवळ शहराचा प्रश्न आहे, हा समज यावरून चुकीचा ठरतो.

तथापि, खेड्यातील बेघरपणा या व्याख्येत पूर्णपणे मावत नाही. गावातील बेघर माणूस बहुधा उघड्यावर दिसत नाही. तो मालकाच्या शेतातील खोपटात, भावाच्या पडवीत किंवा वनजमिनीवरील कुडाच्या झोपडीत राहतो. त्याच्या डोक्यावर छप्पर असते, परंतु त्या छपराखालची जमीन त्याची नसते. मालकाने उठ म्हटले की त्याला उठावे लागते. जनगणनेच्या तक्त्यात तो घर असलेला ठरतो; प्रत्यक्षात मात्र तो पुढच्या पावसाळ्यापर्यंतचाच रहिवासी असतो.

या भूमीचा इतिहास

निजामाच्या राजवटीत आदिलाबादच्या डोंगरात राखीव वनांच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा अनेक गोंड व कोलाम वस्त्या उठविण्यात आल्या. जमिनीबरोबर घरही गेले. या असंतोषातून कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे ते मारले गेले. त्यानंतर शासनाने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या प्रश्नांचा अभ्यास सोपविला. चाळीसच्या दशकात हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे देण्यात आले, आणि १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली.

या कार्यक्रमाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. त्या कार्यक्रमाचे मुख्य अंग घरे बांधून देणे हे नव्हते. जमीन नावावर करून देणे आणि तो कागद वाचू शकेल असा शिक्षक वस्तीतूनच तयार करणे, यावर भर होता. ज्याच्या पायाखालची जमीन निश्चित झाली, तो बांबू, माती आणि गवत यांच्या साह्याने स्वतःचे घर उभारतो. उलटपक्षी, जमिनीचा हक्क नसेल तर विटांचे घरही स्थैर्य देऊ शकत नाही.

योजना आहेत, अडचण कोठे आहे?

१९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या रूपाने पुढे आली. तीत किमान २५ चौरस मीटर क्षेत्राचे घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रधानमंत्री जनमन अभियान सुरू झाले. महाराष्ट्रात शबरी, रमाई व यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या योजना आहेत. तेलंगणाने २०१५ मध्ये दोन शयनगृहांच्या घरांची योजना हाती घेतली, आणि मार्च २०२४ मध्ये ५ लाख रुपये साहाय्याची इंदिरम्मा इंड्लु योजना आरंभिली.

यावरून दिसते की योजनांची उणीव नाही. खरा बेघर तरीही मागे राहतो, याची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले, त्याच्या नावे जागा नसते. आणि बहुतेक योजना जागा गृहीत धरून चालतात. दुसरे, त्याचे नाव यादीत घालण्याचा आग्रह धरणारे कोणी नसते. यादी करण्याच्या दिवशी तो ऊसतोडीला किंवा कापूस वेचणीला गेलेला असतो. ही दोन्ही कारणे राजधानीत बसून दूर होणार नाहीत. ती गावातच दूर करावी लागतील.

ग्रामसभेचे नेतृत्व

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत ग्रामीण गृहनिर्माण हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगा म्हणून नमूद आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने लाभार्थी निवडीचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. या अधिकाराचा वापर पुढील क्रमाने करता येईल.

१. सर्व कुटुंबे गावात असतात अशा काळात, म्हणजे पेरणीनंतर किंवा सणाच्या दिवसांत, वस्तीनिहाय पाहणी करावी. पाड्यातील, गुड्यातील व तांड्यातील एक जाणती स्त्री आणि शाळेतील शिक्षक यांस पाहणीत अवश्य घ्यावे. विधवा, परित्यक्ता व वृद्ध यांची नावे त्यांच्यामुळे सुटणार नाहीत.

२. घर कसे आहे, याबरोबरच जागा कोणाची आहे हा प्रश्न प्रत्येक कुटुंबास विचारावा. उत्तरानुसार गावठाण, शासकीय जमीन, वनजमीन आणि खासगी जमीन असे चार गट करावेत.

३. प्रत्येक गटाचा मार्ग निराळा आहे. वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा असणाऱ्या आदिवासी कुटुंबास २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार शेतीबरोबर निवासासाठीही दावा करता येतो आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडूनच होते. महाराष्ट्रात शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची तरतूद आहे. ज्यास कोणतीच जागा नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रात १९५९ चा व १९७० मध्ये दुरुस्त झालेला भूहस्तांतरण विनियम आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास प्रतिबंध करतो. जागा निश्चित करताना त्याचा विसर पडू नये.

४. यादी चावडीवर लावावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. ज्याचे नाव वगळले जाईल त्यास कारण लेखी द्यावे. सरपंचाच्या नेतृत्वाची कसोटी येथेच लागते. आपल्या भावकीचे नाव खाली आणि मते न देणाऱ्या भूमिहीनाचे नाव वर, असा क्रम वाचून दाखविण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, तोच खरा पुढारी होय.

घर आणि प्रदेश

घर एका कुटुंबाचे असते, परंतु ते राहण्यायोग्य करणारे पाणी, रस्ता, वीज व रोजगार एकट्या गावाच्या हाती नसतात. घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदानुसार जिल्हा नियोजन समितीने विकास आराखड्याचा मसुदा तयार करताना स्थलविषयक नियोजन आणि पाण्यासह नैसर्गिक साधनांची वाटणी यांचा विचार करावयाचा असतो. समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडलेले असतात. तेव्हा बेघरांची यादी या समितीपुढे केवळ घरांची संख्या म्हणून न जाता वस्त्यांचा नकाशा म्हणून गेली पाहिजे. कोणती वसाहत कोणत्या विहिरीजवळ, कोणत्या रस्त्यालगत आणि शेतापासून किती अंतरावर, हे त्यात दिसले पाहिजे.

या दृष्टीने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा अनुभव बोलका आहे. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत तेव्हा हजारो कुटुंबे एका पहाटेत बेघर झाली. सर्वाधिक हानी झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतरत्र मूळ जागीच दुरुस्ती व बळकटीकरण झाले. नवी गावे विस्तीर्ण आखली गेल्याने शेत, गोठा व घर यांतील अंतर वाढले आणि जुन्या आळीचा शेजार विस्कटला. जेथे कुटुंबाने स्वतःच्या जागी, स्वतःच्या देखरेखीखाली काम केले, तेथे ही ओढाताण झाली नाही. वस्ती कोठे असावी याचा निर्णय राहणाऱ्यास विचारूनच व्हावा, हा त्याचा बोध.

बांधकामातही स्थानिक ज्ञान आवश्यक आहे. बोथ-किनवट भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ राहिल्यास दोन-तीन वर्षांत भिंतींना भेगा जातात. काळा थर काढून, मुरूम ठोकून भरावा व मग पाया घ्यावा, ही गोष्ट गावच्या गवंड्यास ठाऊक असते. अंदाजपत्रकातही तिला स्थान हवे.

सीमेच्या दोन्ही बाजू

बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. त्यामुळे सीमेच्या अलीकडील व पलीकडील सख्ख्या नातलगांना घरासाठी निरनिराळ्या दारी जावे लागते. मजुरीसाठी सीमा ओलांडून गेलेले कुटुंब दोन्हीकडील याद्यांतून गळण्याचा धोका असतो. जिल्हा नियोजन समितीचे क्षेत्र जिल्ह्यापुरतेच असल्याने हा दोष आपोआप दूर होणार नाही. त्यासाठी किनवट पंचायत समिती आणि बोथ मंडळ परिषद यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे, स्थलांतरित कुटुंबांच्या याद्या ताडून पाहाव्यात, आणि प्रत्येक कुटुंबाची जबाबदारी कोणत्या ग्रामपंचायतीची हे लेखी ठरवावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

समारोप

साहाय्याची रक्कम शासन देईल, नकाशा अभियंता देईल. परंतु आपल्या गावात कोण बेघर आहे हे गावानेच सांगितले पाहिजे. पायाखालची जागा नावावर, नाव यादीत आणि वस्ती नियोजनात, हा क्रम पाळला गेला तर घर उभे राहते व टिकते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'जागा नसलेली कुटुंबे' हा विषय पहिल्या क्रमांकावर घेऊन प्रत्येक गावाने या कार्यास प्रारंभ करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील किती कुटुंबे दुसऱ्याच्या जागेवर राहतात? त्यांची वर उल्लेखिलेल्या चार गटांत विभागणी करा.

२. गेल्या यादीतून कोणाचे नाव सुटले, आणि ते का सुटले?

३. नव्या वसाहतीसाठी सुचविलेली जागा पाणी, शाळा व शेत यांपासून किती दूर आहे? तेथे राहावयास जाणाऱ्या स्त्रियांचे मत घेतले होते काय?