पत्री, धुरी आणि दृष्ट : सूनबाईला पाच कानमंत्र

सूनबाई, श्रावण तोंडावर आलाय. त्यामागून गौरी-गणपती, मग दसरा. पत्रीचे वाटे विकणाऱ्या बायका दारावर यायच्या आत पाच गोष्टी कानावर घालते.

१. वाटा घेऊ नकोस, पान घे. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका, मरवा, आघाडा, शमी, डोरली, विष्णुक्रांता, बेल, अर्जुन, अगस्ती अशी नावं येतात. बाजारच्या वाट्यात मात्र पुष्कळदा मिळेल तो पाला कोंबलेला असतो. मरवा वासावरून ओळखायचा. माक्याचं पान चुरगाळलं की बोटं काळपट होतात. आघाड्याच्या तुऱ्यावर खालून वर बोट फिरवलंस की टोचतो आणि त्याचं बी पदराला चिकटतं. डोरलीला पानावरसुद्धा काटे असतात. यादीतला देवदार तर हिमालयातला, तो आपल्याकडे कुठून येणार? जी पत्री मिळणार नाही तिच्या जागी अक्षता वाहाव्यात, ही रीत जुनीच आहे. गाजर गवताची काडी जुडीत दिसली तर आधी बाजूला काढ. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं.

२. धोत्रा, कण्हेर आणि रुई यांचं तबक वेगळं ठेव. ही तिन्ही पूजेला चालतात, पण तिन्ही विषारी आहेत. धोत्र्याचं बी पोटात गेलं की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो. कण्हेर पानापासून मुळापर्यंत विषारी, थेट हृदयाच्या ठोक्यांवर जाते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण नजर धूसर होते. लगेच पाण्याने डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. ही पानं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय नैवेद्याला लागू नकोस, पोरांना जवळ खेळू देऊ नकोस. आणि निर्माल्य गाईपुढे तर मुळीच टाकायचं नाही. कण्हेरीच्या पाल्याने जनावर दगावतं. खड्डा करून निर्माल्याचं खत कर.

३. तोडताना झाड राहिलं पाहिजे. तुळस सूर्यास्तानंतर आणि द्वादशीला खुडत नाहीत, म्हणजे तिलाही उसंत मिळते. गणपतीला ती एरवी वाहत नाहीत, फक्त भाद्रपदातल्या चतुर्थीला चालते. बेल शिळा होत नाही. वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहता येतं, तेव्हा फांद्या ओरबाडायचं काही कारण नाही. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचन सर्रास विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ. सोनं म्हणून एक पान पुरतं, गोणीभर कशाला? गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी आणि फुलं घ्यावीत. गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, हिंग, ओवा घालून वाटलं की पोरंही तोंड वाकडं न करता खातात.

४. दृष्ट काढ, पण उघड्यावर. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बाळावरून उतरवून निखाऱ्यावर टाकतात. ठसका लागला नाही तर ‘केवढी दृष्ट लागली होती’ म्हणायचं, असा आपल्यातला रिवाज. खरं तर मिरचीचा धूर नाकाघशाला झोंबतोच. दमेकऱ्याला आणि तान्ह्याला तो सोसत नाही. म्हणून शेगडी अंगणात न्यायची, बाळ घरात ठेवायचं. बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-शेपेची धुरीसुद्धा दारं-खिडक्या लावून कोंडू नकोस. दाराला लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा बांधायची तुमच्या माहेरची पद्धत असेल तर बिब्बा उघड्या हाताने टोचू नकोस. त्याचं तेल अंगाला लागलं की उततो, फोड येतात.

५. मंत्र आणि मुळी औषधाच्या आड येऊ द्यायची नाही. साप चावला, विंचू चावला, कुत्रं चावलं की कोणीतरी मांत्रिकाचं नाव सुचवतंच. तो पाला बांधील, गंडा देईल, आणि तेवढ्यात हातची वेळ निघून जाईल. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. असं चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. पोराला ताप भरला, ते दूध पिईना, की आधी दवाखाना. दृष्ट काय, परत आल्यावरही काढता येते.

बाकी हौसेने सगळं कर. पत्री एखादी कमी पडली म्हणून देव रुसत नाही. पण ओळख नसलेलं पान आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस, आणि पुढल्या वर्षी पोरांना बरोबर नेऊन एकेक पान त्यांच्या हातात देऊन ओळखायला शिकव.