तंजावर येथील मराठी राजा
तंजावरास जाणाऱ्या प्रवाशाचें लक्ष प्रथम बृहदीश्वराच्या शिखराकडे जातें, आणि तें साहजिकच आहे. चोल सम्राट् राजराजानें 1010 च्या सुमारास पूर्ण केलेलें तें सुमारें 200 फूट उंचीचें विमान पाहतां पाहतां मान दुखूं लागते. परंतु मराठी वाचकानें मंदिराची भिंतहि अवश्य पाहावी. तामीळ देशाच्या मध्यभागीं, आपल्या मराठी भाषेंत, भोसले कुळाचा प्रदीर्घ इतिहास तीवर कोरलेला आहे!

शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं येथें राज्य स्थापिलें. त्यांचे वंशज सरफोजी यांनीं 1803 मध्यें हा लेख कोरविला. तें वर्ष ध्यानांत घ्यावें. 1799 च्या तहानें राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला होता. राजापाशीं किल्ला व सभोंवतींचा थोडा मुलूख एवढेंच उरलें होतें. सत्ता गेली, म्हणून वृत्तांत तरी दगडाच्या स्वाधीन करावा, असें त्यांस वाटलें असावें.

सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीं वाढविलें. छापखाना काढून इसापाच्या गोष्टी मराठींत छापविल्या. बालवाचकांवर हें त्यांचें ऋणच आहे.

ही विद्येची गोडी त्यांस लाविली ती रेव्हरंड श्वार्ट्झ या मिशनरी गुरूनें. गुरु 1798 मध्यें वारले. शिष्यानें विलायतेंतील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन याजकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्यें बसविलें. त्यांत श्वार्ट्झसाहेब मृत्युशय्येवर पडले आहेत, आणि हिंदु राजा त्यांचा हात हातीं धरून उभा आहे.