निवड समितीवर बसणाऱ्या भाच्यास



रोबोकप या यंत्रमानवांच्या फुटबॉल स्पर्धेच्या मानवाकृती विभागात यंदा कोणकोणत्या संघांस प्रवेश द्यावयाचा हे ठरविणाऱ्या समितीवर तुझी नेमणूक झाल्याचे पत्र परवा पोचले. ते वाचून तुझ्या आईला झाला तेवढाच आनंद मलाही झाला. मात्र तिने देवापुढे साखर ठेवली आणि मी काळजीत पडलो. खेळाडू चुकला तर त्याचा एक सामना जातो, निवडणारा चुकला तर ज्याला त्याने कधी पाहिलेही नाही अशा कुणा पोराचे वर्ष जाते, आणि त्याची दाद मागायला त्याला कचेरीही नसते.

अर्जांचा गठ्ठा सोडण्यापूर्वी ही स्पर्धा मुळात कशासाठी भरते ते एकदा आठव. १९९७ साली नागोया येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला जोडून ती प्रथम भरली आणि २००२ साली फुकुओकाला तुझा मानवाकृती विभाग तिच्यात सामील झाला. २०५० सालापर्यंत संपूर्ण स्वायत्त यंत्रमानवांच्या संघाने फिफाच्या नियमांनी खेळून तत्कालीन विश्वविजेत्या माणसांना हरवावे, हा तिच्या प्रवर्तकांचा जाहीर संकल्प आहे. ज्या स्पर्धेचे साध्य इतके दूरचे आहे, तिच्यात यंदाचा चषक कोण नेईल हा प्रश्न गौण ठरतो, आणि कोणता संघ पुढच्या वर्षीच्या इतरांसाठी काय ठेवून जाईल हा प्रश्न मुख्य ठरतो. तुझ्या प्रत्येक शेऱ्यामागे हा दुसरा प्रश्न असावा एवढेच माझे सांगणे आहे. बाकीचे पाल्हाळ त्याच्याच पोटातले.

इतरांसाठी ठेवून जाणे म्हणजे काय, त्याचे एक उदाहरण देतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संघाने १९९९ साली स्टॉकहोमला, जेथे खेळाडू केवळ संगणकातच असतात त्या विभागात, एकंदर ११० गोल चढविले आणि एकही होऊ दिला नाही. एवढा दिग्विजय केल्यावर दुसऱ्या कुणी आपली विद्या कुलुपात ठेवली असती. त्यांनी आपल्या प्रणालीचा पायाचा भाग सर्वांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी मेलबर्नला एफसी पोर्तुगाल नावाच्या संघाने त्याच पायावर स्वतःच्या डावपेचांचे मजले चढवून विजेतेपद मिळविले, तेही ९४ गोल करून आणि एकही न स्वीकारता. पोर्तुगीजांनी पाया कुणाचा हे उघड सांगितले आणि मजले आपले स्वतः बांधले, म्हणून त्या विजयाला उणेपणा आला नाही. तुझ्याकडे येणाऱ्या अर्जांतही कुणी डार्विन-ओपी या यंत्रमानवाचा खुला आराखडा घेतलेला असेल, कुणी दुसऱ्या संघाची चाल जशीच्या तशी उचललेली असेल. त्याबद्दल नाक मुरडू नकोस. अर्जासोबतच्या संघवर्णनाच्या निबंधात उसने किती आणि पदरचे किती याचा हिशेब मांडला आहे की नाही, एवढेच पाहा. जेथे तो हिशेब नाही, तेथे भाषा कितीही झुळझुळीत असली तरी खुलासा मागव.

निबंधात काय साधले याची वर्णने सगळेच लिहितात. माझ्या मते काय फसले आणि का फसले हा परिच्छेद आधी वाचावा. २०१५ साली तुमच्या विभागाने सपाट गालिचा काढून कृत्रिम गवत अंथरले, तेव्हा गालिच्यावर ऐटीत चालणाऱ्या यंत्रांना त्या लवलवत्या पात्यांवर तोल सांभाळणे किती जड गेले असेल याची कल्पना मला इथे बसून येते. ‘आमचे यंत्र गवतावर पुढच्या बाजूस पडते, कारण घोट्याच्या मोटारीचा जोर अपुरा आहे’ असे लिहिणारा संघ मला ‘आमची चाल अत्यंत स्थिर आहे’ असे लिहिणाऱ्यापेक्षा विश्वसनीय वाटतो.

तरीही निबंधावर विसंबू नकोस. अर्जासोबतची चित्रफीत पाहा, आणि एकदा आवाज बंद करून पाहा, कारण संगीत घालून अडखळणे झाकता येते. यंत्रमानव पडतो तेथे तुकडा तोडून पुढचा जोडला आहे काय? तो उताणा पडल्यावर कोपरे टेकून, कंबर उचलून, पाय खाली ओढून स्वतः उभा राहतो, की चौकटीच्या कडेला एखाद्या विद्यार्थ्याची बाही दिसते? चेंडू दर खेपेस त्याच जागी ठेवला आहे काय? एवढे तपासणे निर्दयपणाचे नाही. ज्याचे यंत्र उभेच राहत नाही त्याला बोलावले, तर समोरच्या संघाचाही सामना फुकट जातो.

आता माझी एक चूक सांगतो. ज्या तंत्रनिकेतनात मी आयुष्य काढले, तेथील प्रदर्शनासाठी आलेल्या प्रतिकृतींची छाननी एका वर्षी माझ्याकडे होती. एका मुलाचा अर्ज शाईने माखलेला, इंग्रजी मोडके, आकृती हाताने काढलेली. उसाच्या चरकाजवळ हात फार पुढे गेला की लाट थांबविणारी आडकाठी, असा विषय. मी पहिले पानही पुरते न वाचता ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. दोन वर्षांनी बाजाराच्या गावी एका रसवंतीत बसलो असता तीच आडकाठी चरकाला लावलेली पाहिली. मालकाने मुद्दाम फडके पुढे सारून लाट थांबवून दाखविली, आणि त्या दिवशीचा रस मला गोड लागला नाही. ज्या देशांत इंग्रजी नीट लिहून देणारा प्राध्यापक हाताशी नसतो तेथले अर्ज तुझ्यापुढे येतील, तेव्हा आधी आकृत्या पाहा आणि मग व्याकरण.

प्रवासखर्च आणि व्हिसा यांपायी निवडलेले संघही ऐन वेळी गळतात, म्हणून प्रतीक्षायादी क्रमवार करून ती वेळीच कळवीत जा. मुदत संपल्यावर मिळालेली संधी कुणाच्या कामाची नसते. ज्यांना नाकाराल त्यांना कारण लिहा, दोन ओळींचे का होईना, पण त्यांच्याच यंत्राविषयीचे.

शेवटची गोष्ट. तुझ्या विद्यापीठाच्या संघाचा अर्जही या गठ्ठ्यात असणार, आणि त्या मुलांबरोबर तू रात्री जागून मोटारी बसविल्या आहेस. तो अर्ज निघेल तेव्हा खोलीबाहेर जा, आणि तू बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करावयास सांग. मग काय झाले ते मला कळव.

तुझा,
मामा