देश, काळ आणि पात्र : मलावीतला एक डिसेंबर



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. 'देणं हे माझं कर्तव्य आहे' एवढ्याच भावनेनं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून, किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी किंवा घेणाऱ्याचा मान न राखता दिलेलं ते तामस.

बरीच वर्षं हे वाचताना मी स्वतःला न विचारता पहिल्या गटात बसवत होतो. तो गैरसमज घरापासून फार लांब जाऊन मोडला.

नोकरीतून वर्षभराची सुट्टी घेऊन मी आफ्रिकेतल्या मलावी देशात स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. एका जिल्हा रुग्णालयात काम. वॉर्डांतल्या रजिस्टरमधले आकडे डीएचआयएस-2 या आरोग्य-माहितीच्या प्रणालीत वेळेवर आणि बिनचूक जावेत, एवढंच बघायचं. पगार नाही, राहण्याजेवणापुरता भत्ता.

दिवाळी आली ती साध्या कामाच्या दिवसासारखी. संध्याकाळी वीज गेली. दारात एक मेणबत्ती लावली, घरच्यांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे फराळाची ताटं, इकडे मी एकटा. मन भरून आलं आणि वाटलं, सणाच्या दिवशी काहीतरी दान करावं. आमच्या आवारातल्या वॉचमनकाकांना मी मक्याच्या पिठाची मोठी पिशवी दिली. देताना फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठे, हात जोडलेले इमोजी, 'अभिमान वाटतो रे' वगैरे सगळं आलं. काकांनी मान खाली घालून 'झिकोमो' म्हटलं. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ धन्यवाद.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या ताईंनी मला हळूच विचारलं, "तो फोटो कुठे गेला? ते विचारत होते." बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की पेरणी तोंडावर आलीये आणि काकांना गावी जायला दोन दिवस रजा हवी होती. मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. वस्तू मी ठरवली, वेळ मी ठरवली, प्रेक्षकही माझेच.

तिथं पाऊस साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो. मका पेरला जातो, पण नवं पीक हाती यायला मार्च-एप्रिल उजाडतो. त्यामुळे नाताळ येतो तो नेमका घरातल्या कणग्या रिकाम्या होण्याच्या दिवसांत. पावसाबरोबर मलेरियाही वाढतो. बाकीचे स्वयंसेवक सुट्टीला आपापल्या देशी गेले. मी राहिलो, आणि त्यात त्याग वगैरे काही नव्हता. तिकीट परवडत नव्हतं, इतकंच.

25 डिसेंबरला दुपारी काकांचा मुलगा मला बोलवायला आला. विटांचं दोन खोल्यांचं घर. काकूंनी तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. नाताळला मात्र भात आणि कोंबडी. मी माळकरी. आता नाही कसं म्हणायचं, या विचारानं मला घाम फुटला. तेवढ्यात माझ्यापुढे वेगळं ताट आलं. भात, घेवड्याची उसळ, आणि भोपळ्याच्या पानांची दाण्याचं कूट घातलेली भाजी! काका हसत म्हणाले, "ब्वाना मांस खात नाहीत, मी रोज बघतो ना."

खरं सांगतो, पहिला विचार काय आला? 'ही माझ्या पिठाची परतफेड तर नाही?' हा हिशोब मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. ज्यांनी गीता कधी वाचली नव्हती, त्यांनी देश, काळ आणि पात्र तिन्ही अचूक पाहिलं होतं. टंचाईच्या महिन्यात, सणाच्या दिवशी, घरापासून लांब असलेल्या माणसाला, त्याला चालेल तेच. त्या ताटाचा फोटो माझ्याकडे नाही. फोन खिशातच राहिला.

जानेवारीत मी काकांना पहिल्यांदा नीट विचारलं, "काय हवंय?" ते म्हणाले, मक्याला खत घालायचंय, दोन दिवस रजेसाठी ऑफिसात शब्द टाका. पैसे नकोत. मी शब्द टाकला, ते गावी जाऊन आले. त्या वर्षात मी दिलेलं बहुधा हेच पहिलं सात्त्विक दान. खर्च शून्य.

आपण मुंबईकर तर एकेकाळी दुसऱ्या बाजूलाही होतो. 1966 साली लिलियन कार्टर नावाच्या 68 वर्षांच्या अमेरिकन नर्स पीस कोअरच्या स्वयंसेवक म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीत त्यांनी रुग्णसेवा केली. जवळपास 21 महिने त्या राहिल्या. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा पात्र आपण होतो. देणारा आणि घेणारा या काही कायमच्या जागा नाहीत. हे लक्षात राहिलं, की घेणाऱ्याचा मान आपोआप राखला जातो.

आजचा अभ्यास : यंदा सणाला कुठेही काही द्यायला जाल, ऑफिसच्या उपक्रमात असो की सोसायटीतल्या मावशींना, आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. त्यांना काय हवंय हे मी विचारलं का? ही वेळ त्यांच्या सोयीची आहे की माझ्या? आणि फोटो काढायचा नाही असं ठरलं, तरी मी देईन का?

तिसऱ्या प्रश्नाला मी आजही थोडा थांबतो. तुम्हीही थांबलात, तर तिथूनच साधना सुरू झाली असं समजा.

राम कृष्ण हरी!