झिंक कमी, म्हणून फोड?

पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, पेशी सुट्या होतात, आणि तोंडात व अंगावर फोड येतात. हा आजार इराणमध्ये तुलनेने जास्त आढळतो. तिथल्या काही छोट्या अभ्यासांत रुग्णांच्या रक्तातले झिंक आणि सेलेनियम निरोगी माणसांपेक्षा कमी दिसले. यावरून ‘झिंक कमी पडले म्हणून फोड आले’ असा अर्थ काढून अनेक जण गोळ्या सुरू करतात. मला हा तर्क उलटा वाटतो. शरीरातल्या एकूण झिंकपैकी जेमतेम हजारावा भाग रक्तद्रवात असतो आणि त्यातला बराचसा अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. फुटलेल्या फोडांतून प्रथिने पाझरतात, तोंड सोलवटल्यामुळे जेवण जात नाही, अल्ब्युमिन उतरते आणि त्याबरोबर झिंकचा आकडाही उतरतो. शिवाय कुठलाही दाह पेटला की यकृत रक्तातले झिंक स्वतःकडे ओढून घेते. त्याच वेळी तांबे वाहून नेणारे प्रथिन वाढते, त्यामुळे तांब्याची खरी कमतरता असली तरी ती रिपोर्टमध्ये झाकली जाऊ शकते. म्हणून झिंकची तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी आणि तिच्यासोबत अल्ब्युमिन व दाह दाखवणारे सीआरपीही पाहावे. नुसत्या झिंकच्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही.

‘कारण असो की परिणाम, कमी आहे ना? मग गोळी घेतली तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. खाणे महिनोन्महिने तुटले असेल, वजन उतरले असेल, जुलाब चालू असतील, तर कमतरता खरी असू शकते. ती भरून काढलीच पाहिजे, कारण जखमा भरायला झिंक लागतेच. पण ते ठरावीक मात्रेत, ठरावीक काळापुरते आणि डॉक्टरांना सांगून. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. त्यापुढे बराच काळ गेलात तर झिंक आतड्यातच तांब्याचे शोषण अडवते आणि रक्तक्षय होऊ शकतो, पांढऱ्या पेशी घटू शकतात. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी त्यानेही घटू शकतात, त्यामुळे दोष कुणाचा हे शोधताना डॉक्टरांची दिशाभूल होते. सेलेनियमचा अतिरेक झाला तर केस गळतात, नखे ठिसूळ होतात. आणि सगळ्यांत मोठा धोका म्हणजे ‘नैसर्गिक’ गोळीवर विसंबून या आजारासाठी चालू असलेले स्टेरॉइड मनानेच बंद करणे. त्याने फोड उसळतातच, जिवावरही बेतू शकते.

खाण्यातून मिळणाऱ्या झिंकबद्दल मात्र हात आखडू नका. अंडी, मासे, मटण चालत असेल तर उत्तम. शाकाहारी असाल तर डाळी, हरभरे, तीळ आहेतच. मोड आणले किंवा आंबवले की त्यांतले झिंक अधिक शोषले जाते. तोंड आलेले असताना हेच मऊ, कोमट आणि बिनतिखट करून घ्या. स्टेरॉइड दीर्घकाळ चालू असेल, तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल आधी विचारा; त्यामागचा पुरावा झिंकपेक्षा कितीतरी भक्कम आहे. फोडांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल आणि झिंकही लिहून दिले असेल, तर दोन्ही एकाच वेळी गिळू नका, दोहोंत काही तासांचे अंतर ठेवा.